कानाच्या पाळीपासून सुरू झालेली विद्या

रायपूरच्या सदर बाजारात सराफांच्या पेढ्यांवर छत्तीसगढी बाया खिनवा, ढार हे कानातले दागिने पारखत असतात. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून या मुलखात वसलेल्या मराठी घरांतून कुड्या आणि वेल येतात. वेल केसांत अडकवतात तो कानावरचा भार हलका व्हावा म्हणूनच. कारण पाळीत ना हाड, ना कूर्चा. नुसती कातडी आणि थोडी चरबी. वर्षानुवर्षं भोक खाली ओघळत जातं आणि एखाद्या दिवशी पदर अडकतो किंवा कडेवरचं लेकरू हिसका देतं. पाळी दुभंगते.

ती मग आपसूक जुळत का नाही? बोट कापलं तर आठवड्यात भरून येतं. पण फाटलेल्या पाळीच्या दोन्ही कडांवर काही दिवसांत स्वतंत्र कातडी चढते आणि शरीराच्या लेखी ती जखमच उरत नाही. जुळवायची तर आधी ती पुन्हा ताजी करावी लागते! कडांवरची कातडी काढून ओल्या मांसाला ओलं मांस भिडवायचं.

हे सुश्रुताला ठाऊक होतं. त्याच्या संहितेत सूत्रस्थानाचा सोळावा अध्याय कान टोचण्याचा आणि जोडण्याचा आहे. पाळी जोडण्याच्या पंधरा तऱ्हा त्यात आहेत. पाळी उरलीच नसेल तर गालाचं मांस एका बाजूनं जोडलेलंच ठेवून, म्हणजे रक्तपुरवठा न तोडता, तिथे वळवायचं. पुढचं पथ्यही आहे: धक्का लागू देऊ नये, दिवसा झोपू नये, फार खाऊ नये आणि फार बोलूही नये. जबडा हलला की कानालगतची कातडी ओढली जाते, हे आरशासमोर कुणालाही पाहता येईल. आणि मला सर्वांत थक्क करणारी गोष्ट म्हणजे कापलेलं नाक नव्यानं घडवण्याची जगप्रसिद्ध कृती याच अध्यायाच्या शेवटी येते. कावसजी नावाच्या गाडीवानाचं पुण्यात कपाळाच्या कातडीनं नाक घडवल्याची हकीकत १७९४ साली लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आली आणि युरोपातले सर्जन चकित झाले. त्या विद्येच्या पोथीत नाकाआधी कान आहे.

आज रायपूरच्या एम्ससारख्या ठिकाणी प्लास्टिक सर्जरीचा विभाग आहे. पाळी जोडायला साधारणपणे तेवढाच भाग बधिर करतात, अर्ध्या-पाऊण तासात काम होतं, त्याच दिवशी घरी जाता येतं. टाके आठवड्याभरात निघतात. नवं भोक मात्र काही आठवडे थांबून, व्रण टाळून शेजारी पाडायचं; व्रणाची कातडी मूळ कातडीइतकी बळकट कधीच होत नाही. पूर्वी कुठे जखमेवर जाड गाठ, केलॉइड, उठली असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. कानावर ती फार चिवटपणे परतते.

पाळी जोडण्यापेक्षा बाहेर आलेल्या कानांचं काम मोठं. कानाच्या वरच्या भागातली आतली घडी नीट पडलेली नसते, किंवा मधली वाटी खोल असते. पाच-सहा वर्षांच्या मुलाचा कान जवळपास मोठ्या माणसाएवढा झालेला असतो, म्हणून त्या वयापासून शस्त्रक्रिया करता येते. कानामागे छेद घेऊन कूर्चेत टाके घालतात आणि न पडलेली घडी पाडतात. लहान मुलांना पूर्ण भूल लागते. नंतर काही दिवस बँडेज, मग काही आठवडे रात्री डोक्याला पट्टा. सूज, ठणका, बधिरपणा हे अपेक्षितच. पण एकाच कानात अचानक वेदना वाढली तर आत रक्त साचलेलं असू शकतं, सकाळची वाट पाहू नका. दोन्ही कान तंतोतंत सारखे मात्र होत नाहीत. ते कुणाचेच नसतात.

नवजात बाळाला तर बहुधा सुरीही लागत नाही. आईच्या शरीरातून आलेल्या इस्ट्रोजेनमुळे जन्मानंतरचे थोडे दिवस त्याच्या कानाची कूर्चा मऊ असते, आणि साच्यात काही आठवडे धरली की तोच आकार घेते. दुमडलेला कान ‘मोठेपणी सुधारेल’ म्हणून सोडून देऊ नका. पहिल्याच आठवड्यात दाखवा.