‘रडला म्हणजे त्याला आवडलं नाही’ आणि शिबिराबद्दलचे इतर गैरसमज

दर मे महिन्यात निवासी शिबिराची दुसरी रात्र झाली की माझा फोन वाजतो. पलीकडे कुणाचे तरी वडील असतात. आवाज दबका, कारण मागे आई आणि आजी कान देऊन उभ्या असतात. “सर, काल तो रडला म्हणे. म्हणजे त्याला मानवत नाही ना? येऊ का घ्यायला?” चोपड्याहून सातपुड्याच्या पायथ्याला मोटरसायकलवर अर्धा-पाऊण तास लागतो. येणं इतकं सोपं आहे, हेच खरं दुखणं आहे.

सुट्टीतल्या शिबिरांना ताई-दादांसोबत मदत करायला लागून मला बरीच वर्षं झाली. त्यामुळे ‘रडला म्हणजे आवडलं नाही’ हा गैरसमज मी किती वेळा ऐकला, ते मोजणं सोडून दिलं आहे. शिबिराला जाण्याआधीच आजी अहिराणीत सुरू करते, “मना पोऱ्या कसा ऱ्हाई?” पोऱ्या समोरच उभा असतो. त्याने तोवर हा विचारही केलेला नसतो, आता मात्र तो करू लागतो.

वस्तुस्थिती सांगतो. घराची आठवण येणं हा नियम आहे, अपवाद नाही. क्रिस्टोफर थर्बर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९९५ मध्ये उन्हाळी शिबिरातल्या ८ ते १६ वयाच्या ३२९ मुलग्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात ८३ टक्के मुलांनी सांगितलं, की निदान एक दिवस तरी घराची आठवण आली. ज्यांना ती खरोखर जड गेली, खिन्नता आणि चिंता वाढली, अशी मुलं साधारण ६ टक्के होती. म्हणजे तुमचा मुलगा रडला, तर तो बहुसंख्यांत आहे. ‘आमचा जरा जास्तच हळवा आहे हो’ हे मला चाळीसपैकी तीस घरांतून ऐकू येतं. तीसच्या तीस घरांत ‘जरा जास्त’ कसं असेल?

या रडण्याला वेळापत्रक असतं, ते आईवडिलांना माहीत नसतं. सकाळी साडेपाचच्या शिट्टीला कुणी रडत नाही, झोप आवरत नसते. व्यायाम, श्रमदान, न्याहारी, गटातली कामं यांत दुपार होते. दुपारी सावलीत गाणी, कागदकाम, गोष्टी. चारनंतर मैदान. खो-खोत बाद दिल्यावर जो आरडाओरडा होतो, तो गावापर्यंत ऐकू जातो. खरी वेळ असते दिवेलागणीची. खेळ संपलेला, जेवायला अवकाश, हातात काही नाही. आणि मग झोपायची. सतरंज्यांवर चाळीस मुलं ओळीने पडलेली, पंख्याची घरघर, भिंतीवर पाल. घरी आजीच्या पदराचं टोक मुठीत धरून झोपणाऱ्या पोराला ती मूठ कुठे ठेवावी ते कळत नाही. एकाचा हुंदका फुटला की पाच-सहा जण साथ धरतात. अनुभवी ताई त्या वेळी भाषण देत नाही. ती त्या रांगेत जाऊन बसते, एकाला पाणी आणायला पाठवते, दुसऱ्याला उद्याच्या भाकरीच्या कामाची पाळी कुणाची ते विचारते. दहा मिनिटांत रांग शांत होते.

या नेमक्या वेळी घरून येणारा फोन आगीत तेल ओततो. एका वर्षी एक वडील दुसऱ्या रात्री न सांगता आले, हातात फरसाणाची पिशवी. पोरगा तेव्हा आपली ताटली घासत होता आणि उद्या कबड्डीत पहिली चढाई कुणाची यावर हमरीतुमरीला आला होता. फाटकात दिवा चमकला, ओळखीची मोटरसायकल दिसली आणि त्याने ताटली टाकून गळा काढला. त्यांनी त्याला मागे बसवून नेलं. सकाळी खो-खोच्या नऊमधला एक कमी पडला. वडिलांना आजही वाटतं की त्यांनी मुलाला सोडवलं. मुलगा मात्र त्या रात्री एकच गोष्ट शिकला: रडलं की बाबा येतात.

आईवडील निघताना प्रेमाने एक वाक्य म्हणतात, “नाही आवडलं तर लगेच सांग, मी घ्यायला येईन.” हे वाक्य सर्वांत घातक. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या ‘पीडिऍट्रिक्स’ या नियतकालिकात २००७ मध्ये थर्बर आणि त्यांचे सहकारी वॉल्टन यांनी डॉक्टरांसाठी मार्गदर्शन लिहिलं. त्यात असा करार मुलाशी मुळीच करू नका, असं स्पष्ट सांगितलं आहे. कारण साधं आहे. या वाक्यातून मुलाला ऐकू येतं, की तुला हे जमणार नाही असं आम्हीच धरून चाललो आहोत. मग पहिल्या हुरहुरीला ते तग धरायचा प्रयत्न करत नाही, सुटकेची वाट बघत बसतं. ‘आठवण येईल, मलाही येईल, सातव्या दिवशी मी फाटकात उभी असेन’ एवढं म्हटलं तरी पुरे. तेही एकदाच.

‘मग आदिवासी पोरं कशी राहतात? ती नाही रडत!’ हा युक्तिवाद दुसऱ्या बाजूने येतो आणि तोही तितकाच चुकीचा. आमचं शिबिर भरतं ते सुट्टीत रिकाम्या पडलेल्या आश्रमशाळेत. एरवी तिथे पावरा आणि भिल मुलं पहिलीपासून राहतात, आणि सात रात्री नव्हे, जवळजवळ सगळं शैक्षणिक वर्ष. झोपायच्या खोलीच्या भिंतीवर, खिडकीखाली, खिळ्याने ओढलेल्या उभ्या रेघा आहेत. पाच-पाचचे जुडगे. कुणीतरी दिवाळीच्या सुट्टीचे दिवस मोजले असणार. ती मुलं रडत नाहीत असं नाही, त्यांचं रडणं ऐकायला मोटरसायकलवरून कुणी येत नाही, इतकंच.

साने गुरुजींचं उदाहरण इथे जवळचं. तापीपलीकडे अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात ते १९२४ ला शिक्षक म्हणून आले, वसतिगृहही सांभाळलं आणि १९३० ला सत्याग्रहासाठी बाहेर पडले. मुलांच्या खोल्या झाडणं, कपडे धुणं, आजाऱ्याच्या उशाशी बसणं हे सगळं ते स्वतः करत. उपदेशापेक्षा हे लागू पडतं, हे त्यांना ठाऊक होतं. ‘श्यामची आई’ त्यांनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली, तेव्हा त्यांनी तिशी ओलांडलेली होती. घरची आठवण हा दुबळेपणा असेल, तर ते पुस्तक घरोघरी का ठेवतो आपण?

मात्र कोणतंही रडणं ‘होतं तसं’ म्हणून सोडायचं नाही. थर्बरच्याच अभ्यासातली एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे: आठवणीने कासावीस झालेली मुलं बरेचदा ते दाखवत नाहीत, आतल्या आत मिटतात. म्हणून धाय मोकलून रडणाऱ्यापेक्षा ताटातलं न संपवणाऱ्या गप्प मुलाकडे दादाने अधिक बघायला हवं. दोन दिवस जेवण नाही, झोप नाही, ताप आहे, तर घरी कळवलंच पाहिजे. आणि मूल एखाद्या माणसाला घाबरत असेल, तर ती घरची आठवण नव्हे. तिथे वाट बघायची नाही. मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती असणाऱ्याने २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार ती पोलिसांना देणं बंधनकारक आहे. मुलांसाठीचा १०९८ हा क्रमांक मुलालाही पाठ असावा.

आता उरलेले गैरसमज, भराभर.

‘खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही.’ खान्देशात पारा पंचेचाळिशी ओलांडतो, म्हणून हा कांदा दर पिशवीत सापडतो. तो भाकरीबरोबर खावा, खिशात त्याचा फक्त वास येतो. ऊन टाळतं ते वेळापत्रक: अकरा ते चार सावली, तहान लागण्याआधी पाणी, डोक्याला रुमाल, हाताशी क्षारसंजीवनीची पाकिटं. शिबिराचं वेळापत्रक मागून घ्या. दुपारी एकला मैदान लिहिलेलं असेल, तर तिथे कांद्याची पोतीही उपयोगाची नाहीत.

‘जंगलाजवळ साप असतात.’ असतात. म्हणून रात्री बॅटरी आणि बूट. दंश झालाच तर करकचून बांधायचं नाही, कापायचं नाही, मांत्रिक नाही, थेट उपजिल्हा रुग्णालय.

‘शिबिर म्हणजे लष्करी शिस्त.’ शिट्टी असते, छडी नसते. छडी दिसली तर मुलाला परत आणा, त्यासाठी मला फोनही करू नका.

‘सात दिवसांत पोरगा सुधारून येतो.’ येत नाही. ताटली घासायला शिकून येतो, आणि तुम्ही घरी घासू दिली नाही तर आठवड्यात विसरतो.

‘मुलींना नको.’ मुलींची वेगळी खोली, सोबत ताई, आतून कडी लागणारं न्हाणीघर आहे का ते विचारा. असेल तर पाठवा.

‘दोर लावून कडा उतरवतात, म्हणजे चांगलं शिबिर.’ राज्याचं साहसी पर्यटन धोरण २०२१ पासून आहे. पर्यटन संचालनालयाकडची नोंदणी आधी बघा, फोटो नंतर.

‘मोबाइल दिला की काळजी नाही.’ काळजी तुमची कमी होते, त्याची वाढते. त्याऐवजी पन्नास पैशांचं पोस्टकार्ड लिहा. टपालात टाकलंत तर शिबिर उठल्यावर पोचेल, तेव्हा ते निघतानाच ताईच्या हातात द्या, ती तिसऱ्या दिवशी देईल. मजकूर घरचा असावा: गाय व्याली, केळीला पाणी दिलं. ‘तुझ्यावाचून घर सुनं वाटतं’ एवढं मात्र लिहू नका.

राहता राहिली तयारी. घराबाहेर राहण्याचा सराव आधी थोडाथोडा व्हावा, असं ते २००७ चं मार्गदर्शनही सांगतं. आपल्याकडे हा सराव फुकट मिळत होता. त्याला मामाचं गाव म्हणत. आता तिथेही आई सोबत जाते, मोबाइल जातो आणि चौथ्या दिवशी सगळे परत येतात. तेव्हा एप्रिलअखेर परीक्षा संपली की पोराला एकट्याला एसटीत बसवू नका हवं तर, स्वतः पोचवून या. पण तीन रात्री त्याला मामीकडे सोडा आणि परत फिरा. तो रडेल. मामी त्याला शेवभाजी वाढेल आणि अंगणात बाज टाकून देईल. आणि कितीही रडला, तरी मामी मला फोन करणार नाही.