पापडी : महानगरांतील एका स्थलनामाचा विचार

गेल्या वर्षीं आमच्या हातीं मोडी कागदांचा एक लहान रुमाल आला. त्यांतील एका खरेदीखतांत जमीन, विहीर व माड यांची तपशीलवार नोंद होती. परंतु मौज्याचें नांव जेथें असावें नेमकी तीच जागा कसरीनें खाल्लेली. वाचतां आलें तें ‘प्रांत वसई’ एवढेंच. रुमाल कोणाच्या घरांतून निघाला हें विकणारास सांगतां येईना. खत अस्सल, पण त्याची भूमि हरवली.

‘वसई’ एवढ्यानें कांहींच निश्चित होत नाहीं. जुन्या कागदांत हा शब्द कधीं कोटास, कधीं सबंध प्रांतास लावलेला असतो. पुढें तालुका व नगरपालिका यांसही तेंच नांव मिळालें. रेल्वे आल्यावर स्थानकाभोंवतीं वाढलेली वस्तीहि वसईच झाली. ३ जुलै २००९ रोजीं वसई, विरार, नालासोपारा व नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा आणि आसपासचीं गांवें मिळून एक महानगरपालिका झाली. अशा वेळीं कागद जमिनीशीं जोडणारा दुवा लहान स्थलनामाचाच राहतो.

पापडी हें त्याचें उदाहरण. वसई रोड स्थानकाकडून वसईगांव व किल्ल्याकडे जातांना ती वाटेंत लागते. येथील तळें प्रसिद्ध आहे. १९९८ सालीं वसईचा ख्रिस्ती धर्मप्रांत मुंबईहून वेगळा झाला. त्याचें मुख्य मंदिर, ‘अवर लेडी ऑफ ग्रेस’, येथेंच आहे. आज पापडी महानगराचा एक भाग झाली असली, तरी नांव टिकून आहे.

नांवाची व्युत्पत्ति सांगण्याचा मोह संस्कृताभ्यासकांस आवरत नाहीं. आम्हीहि त्यास अपवाद नाहीं. ‘पर्पट’, ‘पर्पटी’ यांवरून ‘पापड’, ‘पापडी’ हे शब्द आले. खाऱ्या जमिनीवर उन्हानें धरते ती पापडी, आणि वालाची शेंग तीहि पापडी. खाजणांच्या प्रदेशास पहिला अर्थ शोभतो, बागायतीस दुसरा. दोन्ही शोभतात, म्हणूनच केवळ शोभण्यानें एकहि सिद्ध होत नाहीं. शब्दाची व्युत्पत्ति कोशांत मिळते. गांवाच्या नांवाची मिळण्यास जुन्यांत जुना लेखी उल्लेख हवा.

तो शोधावयाचा कोठें? २३ डिसेंबर १५३४ च्या तहानें गुजरातच्या बहादुरशहानें वसई पोर्तुगीजांस दिली. मे १७३९ मध्यें चिमाजी आप्पांनीं ती जिंकली. डिसेंबर १७८० मध्यें जनरल गॉडर्डनें किल्ला घेतला. सालबाईच्या तहानंतर तो मराठ्यांस परत मिळाला आणि पेशवाईच्या अखेरीस इंग्रजी अंमल कायम झाला. राज्यें बदललीं तशीं दप्तरें विभागलीं: पोर्तुगीज कागद गोव्यास व लिस्बनास, मोडी कागद पुण्याच्या पेशवे दप्तरांत. एकाच भाषेचे कागद पाहणारास गांवाचा तेवढाच काळ दिसतो.

चौथें दप्तर मात्र घराघरांतील पेट्यांत आहे, आणि तेंच आज सर्वांत असुरक्षित आहे. कौलारू घरें पाडून इमारती उठत आहेत. माळ्यावरचे कागद रद्दींत जातात. संग्राहकांस आमची विनंति एवढीच कीं, रुमाल घेतांना तो कोणत्या गांवांतून, कोणत्या वाडींतून आला हें त्याच दिवशीं वेगळ्या चिठीवर लिहून आंत ठेवावें. तेवढी एक ओळ असती, तर आमचें खत आज मुकें राहिलें नसतें.