आकाशातून येणारी ‘सुरभी’

बंगळुरूत ३ जुलै २००१ रोजी रेडिओ सिटी सुरू झालं. देशातलं पहिलं खासगी एफएम. माझा जीव मात्र जडला तो वर्ल्डस्पेस या उपग्रह रेडिओवर. त्यांचं भारतातलं मुख्य कार्यालय याच शहरात होतं. विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंच असलेल्या एशियास्टार उपग्रहावरून गाणी थेट घरच्या संचात उतरायची. अट एकच, अँटेनासमोर आकाश मोकळं हवं. मल्लेश्वरमच्या घरी आम्ही ती पूर्वेकडच्या खिडकीच्या गजांना सुतळीने बांधली होती. नारळाची झावळी आड आली की गाणं तुटायचं आणि आई स्वयंपाकघरातून हाक मारायची, “अगं, जरा डावीकडे सरकव!”

वर्गणी भरलेली, त्यामुळे जाहिरातींचा मारा नाही. गाण्यांच्या अधेमधे यायची ती वाहिनीची ओळखधून. वर्ल्डस्पेसची धून साक्षात ए. आर. रहमान यांची. पण ‘सुरभी’ या मराठी वाहिनीचं नाव कानी पडलं की आईचं लाटणं थांबायचं. माझी आवडती वाहिनी जाझची ‘रिफ’.

अमेरिकेतली मूळ कंपनी दिवाळखोरीत गेली आणि ३१ डिसेंबर २००९ रोजी इथली सेवा बंद झाली. दिवसभर इतक्या निगुतीने निवडलेली मराठी गाणी ऐकवणारं रेडिओ केंद्र बंगळुरूत मला अजून सापडलेलं नाही.