रंबलडीथम्प्स : बटाटा, कोबी आणि काटकसरीची स्कॉटिश चव

काही पदार्थांची नावे ऐकताच, ते पानात पडण्यापूर्वीच चेहऱ्यावर हसू उमटते. 'रंबलडीथम्प्स' हे त्यांपैकी एक. स्कॉटलंडच्या दक्षिणेकडील, इंग्लंडच्या सीमेला लागून असलेल्या 'बॉर्डर्स' भागातला हा पारंपरिक पदार्थ. उकडून कुस्करलेला बटाटा, लोण्यात परतलेला कोबी आणि कांदा एकत्र करून, वर जमल्यास थोडे चीज पसरून तो खरपूस भाजायचा, एवढीच त्याची कृती. नावातच ही कृती दडलेली आहे. 'रंबल' म्हणजे ढवळून एकजीव करणे आणि 'थम्प' म्हणजे ठोकणे, रगडणे. लाकडी रवीसारख्या जाड दांडक्याने पातेल्यात बटाटा ठेचताना होणारा आवाजच जणू या नावात उतरला आहे.

स्कॉटलंडचे खाणे म्हटले, की आपल्याकडे 'हॅगिस'चे नाव घेतले जाते. २५ जानेवारीला, कवी रॉबर्ट बर्न्स यांच्या जन्मदिनी, समारंभपूर्वक कापला जाणारा तो पदार्थ जगभर प्रसिद्ध आहे. पण हॅगिस हे सणाचे पान झाले. कडाक्याच्या थंडीतून घरी परतलेल्या माणसाला रोजच्या रात्री ऊब देणारे अन्न वेगळेच असते. रंबलडीथम्प्स हे त्या रोजच्या अन्नाचे उत्तम उदाहरण होय.

परसातला केल, शेतातला बटाटा

या पदार्थातले दोन मुख्य घटक एकाच काळी स्कॉटलंडच्या चुलीवर आले नाहीत. जुना मानकरी कोबीवर्गातल्या भाजीचा. कोबीचाच गड्डा न धरणारा, मोकळ्या कुरळ्या पानांचा भाऊबंद म्हणजे 'केल'. तो थंडी आणि दहिवर सहज सोसतो. किंबहुना दहिवर पडल्यावर त्याच्या पानांना गोडवा येतो. त्यामुळे उत्तरेकडच्या लांबलचक हिवाळ्यात हिरवे असे जे काही मिळे, ते बहुधा केलच असे. स्कॉटलंडमध्ये घराच्या परसबागेलाच 'केलयार्ड' म्हणत. 'केल' या शब्दाचा अर्थ पुढे इतका विस्तारला, की तो जेवणासाठीही वापरला जाऊ लागला. ओट्सची पेज किंवा भाकर आणि जोडीला केलचे कालवण, हा सामान्य घरातला शतकानुशतकांचा आहार होता.

केल केवळ पोट भरणारा नव्हता, तो लोकसमजुतींतही रुजलेला होता. ३१ ऑक्टोबरच्या, म्हणजे हॅलोवीनच्या रात्री तरुण मुलेमुली डोळे मिटून केलयार्डात शिरत आणि हाताला लागेल ते रोप उपटत. देठ सरळ की वाकडा, यावरून भावी जोडीदाराचा बांधा ठरे, मुळांना चिकटलेल्या मातीवरून त्याची संपत्ती आणि गराच्या चवीवरून त्याचा स्वभाव. बर्न्स यांनी १७८५ साली लिहिलेल्या 'हॅलोवीन' या कवितेत या प्रथेचे वर्णन आहे.

बटाटा मात्र पाहुणा. दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतराजीतून तो युरोपात आला. एडिंबरा येथील वनस्पती उद्यानाच्या १६८३ सालच्या सूचीत त्याची नोंद सापडते, पण तेव्हा तो कुतूहलाचा विषय होता. सामान्य शेतकऱ्याच्या शेतात तो पसरला अठराव्या शतकात. थोड्या जमिनीत भरपूर अन्न देणारे, ओल्या आणि थंड हवेत तग धरणारे हे पीक गरिबाला वरदान वाटले, यात नवल नाही. केलच्या भांड्यात बटाटा येऊन पडला तो याच काळात, आणि मग गावोगावी त्या जोडीची निरनिराळी बारशी झाली.

एक जोडी, अनेक नावे

बॉर्डर्समध्ये जे रंबलडीथम्प्स, त्याचेच ईशान्य स्कॉटलंडमधील भावंड 'केलकेनी'. आयर्लंडमध्ये केल किंवा कोबी घातलेला बटाटा 'कोलकॅनन' म्हणून ओळखला जातो. इंग्लंडमध्ये रविवारच्या जेवणातल्या उरलेल्या बटाट्या-कोबीची तव्यावर परतलेली थापटी 'बबल अँड स्क्वीक' या नावाने मिळते. तेथे नाव पडले ते तव्यावरच्या चुरचुरण्यावरून. ऑर्कनी बेटांवर कोबीची जागा सलगमवर्गीय कंद घेतो आणि पदार्थ होतो 'क्लॅपशॉट'.

या नावांच्या निमित्ताने एक गमतीचा दुवा हाती लागतो. 'केल' या शब्दाचे मूळ लॅटिन 'काउलिस' म्हणजे देठ या शब्दात आहे. पोर्तुगीज भाषेत त्याच शब्दाचे 'कोव्ह' झाले आणि आपल्या 'कोबी'चा उगम त्या पोर्तुगीज शब्दात मानला जातो. 'बटाटा' तर पोर्तुगीजांकडूनच आपल्याकडे आला, हे सर्वश्रुत आहे. म्हणजे इंग्रजीतल्या 'कॅबेज'पेक्षा स्कॉटिश 'केल' हाच आपल्या 'कोबी'चा जवळचा नातलग ठरतो.

फ्लोरेन्स मेरियन मॅकनील यांच्या 'द स्कॉट्स किचन' या १९२९ सालच्या ग्रंथात रंबलडीथम्प्सला स्थान मिळाले. घरोघरी तोंडी चालत आलेल्या स्कॉटिश पाककृती विस्मरणात जाण्यापूर्वी लिहून ठेवण्याचे मोठे काम या ग्रंथाने केले. पुढे २००९ साली, ब्रिटनचे तत्कालीन पंतप्रधान गॉर्डन ब्राऊन यांनी स्कॉटलंडमधील मूकबधिर मुलांच्या एका शाळेच्या मदतीसाठी निघालेल्या पाककृतींच्या पुस्तकाला आपल्या आवडीचा पदार्थ म्हणून रंबलडीथम्प्सचीच कृती दिली. त्यामुळे या ग्रामीण पदार्थाचे नाव काही काळ वृत्तपत्रांत गाजले.

ऊब देणाऱ्या अन्नामागची भूक

आज आपण ज्याला 'मनाला ऊब देणारे अन्न' म्हणतो, त्यामागे बहुतेक वेळा भुकेचा इतिहास असतो. १८४५ साली आयर्लंडमध्ये बटाट्यावर करपा रोग पडला आणि १८४६ मध्ये तो स्कॉटलंडच्या हायलँड्स भागात व पश्चिमेकडील बेटांवर पोहोचला. शेतातली हिरवी पाने काही दिवसांत काळी पडत आणि जमिनीतले कंद कुजून जात. जमिनीच्या लहानशा तुकड्यावर जगणाऱ्या तेथील कुटुंबांचा सारा भरवसा या एकाच पिकावर होता. दशकभर हे संकट टिकले. मदतीचे धान्य मिळण्यासाठी रस्ते बांधण्याचे काम करावे लागे आणि तेथील काही रस्ते आजही 'डेस्टिट्यूशन रोड', म्हणजे दैन्याचे रस्ते, म्हणून ओळखले जातात. मदतकार्यामुळे आयर्लंडइतकी जीवितहानी झाली नाही, परंतु हजारो लोकांना कॅनडा आणि ऑस्ट्रेलियाची वाट धरावी लागली.

बॉर्डर्समधील स्थिती तुलनेने बरी होती. तेथे ओट्स आणि बार्ली पिकत असे, मेंढ्या होत्या, ट्वीड नदीच्या खोऱ्यातील गालाशील्स, हॉइक यांसारख्या गावांत लोकरीच्या गिरण्या होत्या. त्यामुळे बटाटा हा तेथे आहारातला एक घटक होता, एकमेव आधार नव्हता. एका पातेल्यात दोन-तीन पिके एकत्र येणे ही केवळ चवीची बाब नसते, हे यावरून ध्यानात यावे. करप्यानंतरच्या काळात स्कॉटलंडमधील डॉक्टरांना स्कर्व्हीचे रुग्ण पुन्हा दिसू लागले होते. गरिबाला 'क' जीवनसत्त्व पुरवणारा बटाटा ताटातून गेल्याचाच तो परिणाम होता. कोबी आणि केल यांतही हे जीवनसत्त्व असते. ज्या घरात परसात केल उभा होता, त्या घराला निदान एक पर्याय शिल्लक होता.

बटाट्याच्या काढणीलाही कष्टांची किनार आहे. ऑक्टोबरमधील शाळेच्या सुटीला स्कॉटलंडमध्ये अजूनही 'टॅटी हॉलिडेज', म्हणजे बटाट्याची सुटी, म्हणतात. एके काळी या सुटीत शाळकरी मुले शेतात वाकून बटाटे वेचत असत. आयर्लंडहूनही दरवर्षी मजुरांच्या टोळ्या या कामासाठी येत. १६ सप्टेंबर १९३७ रोजी ग्लासगोजवळच्या कर्किंटिलॉख येथे मजुरांच्या निवाऱ्याला आग लागून अ‍ॅकिल बेटावरून आलेली दहा मुले व तरुण मृत्युमुखी पडले. त्यांतील सर्वांत धाकटा १३ वर्षांचा होता. स्वस्त अन्न कोणाच्या तरी श्रमांवर स्वस्त झालेले असते, याची जाणीव ही घटना करून देते.

दुसऱ्या महायुद्धात लोणी, साखर, मांस यांवर नियंत्रण आले, तेव्हाही बटाटा मात्र शिधापत्रिकेविना मिळत होता. सरकारच लोकांना अधिकाधिक बटाटे आणि घरच्या भाज्या खाण्याचे आवाहन करीत होते. साहजिकच बटाटा-कोबीच्या या जुन्या पदार्थांनी त्या पिढीला हात दिला.

घरी करायचे झाल्यास

चार माणसांसाठी साधारण ६०० ग्रॅम बटाटे, ३०० ग्रॅम कोबी किंवा केल, एक मोठा कांदा, ७५ ग्रॅम लोणी, पाव वाटी गरम दूध, ५० ग्रॅम किसलेले चेडर चीज, मीठ आणि ताजी मिरपूड एवढे साहित्य पुरते. बारीक चिरलेली कांद्याची पात असल्यास उत्तम.

बटाटा जुना, पिठूळ निवडावा. नव्या बटाट्यात पाणी अधिक असते आणि तो कुस्करल्यावर चिकट होतो. बटाट्यांचे सारखे मोठे तुकडे करून ते थंड, मीठ घातलेल्या पाण्यात टाकावेत आणि मग पाणी तापवावे. उकळत्या पाण्यात टाकल्यास बाहेरचा भाग फुटून जातो आणि आतला कच्चा राहतो. कुकर वापरायचा असल्यास बटाटे सालासकट उकडावेत, म्हणजे ते पाणी धरत नाहीत. शिजल्यावर पाणी निथळून, रिकाम्या पातेल्यात मंद आचेवर मिनिटभर हलवून वाफ जाऊ द्यावी. बटाटा कोरडा असेल, तरच तो लोणी नीट शोषून घेतो.

कुस्करण्यासाठी पावभाजीचा मॅशर पुरेसा आहे. मिक्सर मात्र कटाक्षाने टाळावा. वेगाने फिरणाऱ्या पात्यांनी बटाट्याच्या पेशी फुटतात, आतला शिजलेला स्टार्च बाहेर येतो आणि खळीसारखा चिकट गोळा होतो. आधी लोणी आणि मग गरम दूध, हा क्रम ठेवावा. पूर्ण गुळगुळीत करण्याचा अट्टहास नको. मधूनमधून दाताखाली येणारा तुकडा हीच या पदार्थाची खूण आहे.

दुसरीकडे उरलेल्या लोण्यात उभा चिरलेला कांदा मऊ होईपर्यंत परतावा, लाल करू नये. त्यात बारीक चिरलेला कोबी घालून पाच-सहा मिनिटे परतावा. कोबी फार वेळ शिजवल्यास त्यातील गंधकयुक्त द्रव्यांचा उग्र दर्प येतो. ज्यांना लहानपणापासून कोबी आवडत नाही, त्यांचे भांडण बहुधा कोबीशी नसून अशा अतिशिजवलेल्या कोबीशी असते. केल वापरल्यास त्याचे जाड देठ काढून टाकावेत.

आता दोन्ही एकत्र करून मीठ-मिरपूड घालावी, लोणी लावलेल्या भांड्यात पसरावे आणि वर चीज भुरभुरावे. १८० अंश सेल्सियसला तापलेल्या ओव्हनमध्ये २५ ते ३० मिनिटे, वरचा थर सोनेरी होईपर्यंत भाजावे. ओव्हन नसल्यास बिडाच्या तव्यावर लोणी सोडून जाडसर थापावे आणि खालून खरपूस होईपर्यंत हलवू नये. तळाला धरलेली ती खरवड खाण्यासाठी घरात भांडणे होतील. हळद, हिरवी मिरची, मोहरी यांचा मोह होईल, पण तो आवरावा. फोडणी पडली, की ती आपली ओळखीची भाजी झाली. येथे लोणी, मिरपूड आणि कोबीचा अंगचा गोडवा यांनाच बोलू द्यायचे आहे.

आदल्या दिवशीच्या उरलेल्या भाज्यांतूनही हा पदार्थ करता येतो. आपल्याकडे फोडणीच्या पोळीचे जे स्थान, तेच तेथे याचे. मात्र आपल्या हवेत उकडलेले बटाटे तासन् तास ओट्यावर राहू देऊ नयेत. दोन तासांच्या आत ते फ्रिजमध्ये ठेवावेत आणि खाताना पूर्ण वाफ येईपर्यंत गरम करावेत.

स्कॉटलंडमध्ये हा पदार्थ खिमा, सॉसेज किंवा रश्श्याबरोबर वाढला जातो, तसाच एकटाही खाल्ला जातो. शाकाहारी माणसाला तो सोयीचा वाटतो, पण काही ठिकाणी लोण्याऐवजी मांसाची चरबी वापरतात. शिक्षणासाठी एडिंबरा, ग्लासगो वा डंडी येथे गेलेल्या आपल्या मुलांनी बाहेर खाताना एवढी चौकशी अवश्य करावी. घरी करण्यास तर काहीच अडचण नाही. तिन्ही मुख्य जिन्नस तेथील कोणत्याही दुकानात स्वस्तात मिळतात आणि वसतिगृहाच्या एका शेगडीवरही काम भागते.

महागाईच्या दिवसांत गृहिणीचे कौशल्य पंचपक्वान्नांत नव्हे, तर दोन साध्या भाज्यांना हवेहवेसे रूप देण्यात दिसते. बॉर्डर्समधल्या त्या अनाम गृहिणींनी हेच केले. हाताशी होते तेवढेच घेतले, ढवळले, ठोकले, आणि त्याला असे नाव दिले, की मुलांनी हसत हसत दुसऱ्यांदा ताट पुढे करावे.