कंपनी बुडते तेव्हा कामगाराचा पैसा

वाणिज्य शाखेच्या वर्गात कंपनी कायदा शिकविताना ‘कंपनीचे विसर्जन’ हे प्रकरण बहुधा वर्षाच्या अखेरीस येते आणि परीक्षेच्या घाईत दोन तासांत उरकले जाते. गेल्या वर्षी मीही ते तसेच उरकीत होतो. धनकोंचा क्रम फळ्यावर लिहून झाला, तेव्हा मागच्या बाकावरचा एक विद्यार्थी उठून म्हणाला, “सर, यात माझ्या बाबांचा नंबर कितवा?” त्याचे वडील मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात एकवीस वर्षे फिटर होते. कारखाना लिक्विडेशनमध्ये गेल्याची नोटीस फाटकावर लागून आठ दिवस झाले होते. उत्तर फळ्यावर होते, पण ते अपुरे होते. ती उणीव भरून काढण्यासाठी हा लेख.

कंपनी ही कायद्याच्या दृष्टीने एक व्यक्ती. ती लिक्विडेशनमध्ये गेली की तिचा कारभार संचालकांच्या हातून जातो आणि अवसायक नावाचा अधिकारी येतो. जमीन, यंत्रे, शिल्लक माल, येणे बाकी हे सर्व तो ताब्यात घेतो, विकतो आणि आलेला पैसा धनकोंमध्ये ठरल्या क्रमाने वाटतो. लिक्विडेशनचा हुकूम हीच कामगारांना नोकरीतून मुक्त केल्याची नोटीस समजली जाते. १९५६ च्या कंपनी कायद्यात हे होते आणि २०१६ च्या दिवाळखोरी संहितेतही आहे. अपवाद एवढाच की अवसायकाने धंदा पुढे चालू ठेवला तर. म्हणजे सकाळी जो कामगार होता तो संध्याकाळी केवळ एक धनको होतो.

पण हा धनको बँकेसारखा नव्हे. बँक कर्ज देण्यापूर्वी तारण लिहून घेते. कामगार आधी महिनाभर राबतो आणि मग पगार घेतो. खरे पाहता तोही कंपनीला दरमहा उधारच देत असतो. फक्त त्या उधारीला तारण नसते. शिवाय बँकेची कर्जे शेकडो असतात, कामगाराची नोकरी एकच.

१९८५ पूर्वी कायद्याने या उधारीची किंमत किती केली होती ते पाहण्यासारखे आहे. थकलेल्या पगारापैकी फार तर चार महिन्यांचा पगार, आणि तोही माणशी एक हजार रुपयांपर्यंत, अग्रक्रमाचा मानला जाई. या अग्रक्रमात सरकारचे करही शेजारी बसलेले. आणि हे सारे कशाच्या नंतर? तर तारणधारक बँका आपले तारण विकून मोकळ्या झाल्यानंतर. गिरणीची जमीन, इमारत, माग सर्वच गहाण असल्यावर मागे काय उरणार? त्याच दशकात अहमदाबादच्या गिरण्या एकामागून एक बंद पडू लागल्या आणि हजारो माणसे घरी बसली, तेव्हा हा प्रश्न पुस्तकातला राहिला नाही.

पहिला धक्का न्यायालयाने दिला. कोईमतूरच्या एका कंपनीत मालक कुटुंबात भांडण झाले आणि कंपनी मोडावी असा अर्ज मद्रास उच्च न्यायालयात गेला. कामगार संघटना म्हणाली, आमचेही ऐका. तुम्ही भागधारक नाही, तुमचा काय संबंध, असा प्रतिवाद झाला. १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने निर्णय दिला की कंपनी मोडण्याच्या अर्जावर कामगारांना आपली बाजू मांडण्याचा हक्क आहे. पाचांपैकी दोन न्यायमूर्तींना हे पटले नाही, यावरून त्या काळी ही गोष्ट किती नवी होती ते कळते.

पुढे १९८५ साली संसदेने कंपनी कायद्यात दुरुस्ती करून ५२९-अ हे कलम घातले. कामगारांचे देणे आणि तारणधारक धनकोंचे देणे यापुढे एकाच पंक्तीला बसेल आणि इतर सर्वांच्या आधी दिले जाईल, असे त्याने ठरविले. ‘एका पंक्तीला’ म्हणजे काय, हे समजावण्यासाठी कायद्यानेच एक उदाहरण दिले होते. तारणाची किंमत १ लाख रुपये, कामगारांचे एकूण देणे १ लाख आणि तारणधारक धनकोंचे देणे ३ लाख. दोन्ही देणी मिळून ४ लाख होतात. त्यात कामगारांचा वाटा एक चतुर्थांश. म्हणून त्या तारणाच्या किमतीतून २५ हजार रुपये कामगारांचे. बँकेने तारण आपल्या हाताने विकले तरी हा चौथा हिस्सा तिला गिळता येत नाही. विद्यार्थ्यांनी हे गणित एकदा कागदावर करून पाहावे. कंपनी कायद्यातील पुष्कळ कोरड्या कलमांपेक्षा त्यात अधिक आशय आहे.

तरी भांडण मिटले नाही. अहमदाबादच्या मजूर महाजनाने, म्हणजे अनसूयाबेन साराभाई आणि गांधीजी यांच्या प्रेरणेने १९२० साली निघालेल्या गिरणी कामगारांच्या संघटनेने, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. २००४ साली न्यायालयाने पुन्हा सांगितले की कामगारांचे आणि तारणधारकांचे देणे बरोबरीचे आणि इतर सर्व देण्यांच्या वर आहे. कायद्यात लिहिलेली गोष्ट मिळविण्यासाठी एकोणीस वर्षांनी पुन्हा न्यायालयात उभे राहावे लागते, याचे नवल वाटून घेण्याचे आता मी सोडले आहे.

आज हा क्रम २०१६ च्या संहितेच्या ५३ व्या कलमात आहे. सर्वांत आधी दिवाळखोरी आणि लिक्विडेशन या प्रक्रियांचा खर्च. अवसायकाचे मानधन त्यातच आले. त्यानंतर कामगारांचे देणे आणि ज्यांनी आपले तारण सामाईक ठेवीत सोडले असे धनको, हे दोघे बरोबरीने. येथवर जुनेच सूत्र दिसते. परंतु एक आकडा नवा आला आहे. लिक्विडेशन सुरू झालेल्या तारखेपासून मागे मोजलेल्या २४ महिन्यांचेच कामगारांचे देणे या पंक्तीत बसते. त्यापूर्वीची थकबाकी पार खाली, उरलेल्या देण्यांत जाते, आणि तेथपर्यंत पैसा क्वचितच पोचतो. जे कायद्याच्या अर्थाने कामगार नाहीत, म्हणजे व्यवस्थापक वगैरे मंडळी, त्यांना १२ महिन्यांचे देणे कामगारांच्या खालच्या पायरीवर मिळते.

समजा एखादा कारखाना २०१० साली पगार थकवून बंद पडला आणि लिक्विडेशनचा हुकूम २०१८ साली झाला. मग २०१० चा थकलेला पगार या २४ महिन्यांत येतच नाही. विलंब मालकाचा, बँकेचा किंवा न्यायालयाचा असेल. तोटा मात्र कामगाराचा. ही तरतूद घटनाबाह्य आहे असे मोझर बेअर कंपनीच्या कामगार संघटनेने सर्वोच्च न्यायालयात म्हटले होते. २०२३ साली न्यायालयाने तरतूद वैध ठरविली. न्यायालयाचा निर्णय मान्य करूनही मला वाटते की ही मर्यादा शहाणपणाची नाही. काम कोणत्या महिन्यात केले यावर घामाची किंमत कमी होत नसते.

आता दुसरी, अधिक आशेची बाजू. भविष्यनिर्वाह निधी, पेन्शन निधी आणि ग्रॅच्युइटी निधी यांतून कामगाराला येणे असलेली रक्कम अवसायकाच्या वाटणीत येतच नाही. ती कंपनीची मालमत्ताच नव्हे, मग तिच्यात बँकेला वाटा कसला? याची गुजरातमधील ताजी कहाणी एबीजी शिपयार्डची आहे. सुरत आणि दहेज येथे जहाजे बांधणारी ही कंपनी ऑगस्ट २०१७ मध्ये दिवाळखोरी प्रक्रियेत आणि एप्रिल २०१९ मध्ये लिक्विडेशनमध्ये गेली. मधल्या काळाचा पगार प्रक्रियेच्या खर्चात धरून आधी द्यावा, अशी कामगारांची मागणी होती. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की त्या काळात कंपनी खरोखर चालू होती आणि कामगारांनी प्रत्यक्ष काम केले असे सिद्ध झाले तरच तो पगार खर्चात धरता येईल; निधींची रक्कम मात्र वाटणीबाहेरच राहील. त्यामुळे प्रक्रियेच्या काळातील हजेरी हा मोलाचा पुरावा ठरतो.

भविष्यनिर्वाह निधीवरून एक जुना खटला आठवतो. १९५५ साली सयाजी मिल्स या कंपनीने लिक्विडेशनमधील हिरजी मिल्सचा मुंबईतील कारखाना विकत घेतला आणि आपला उद्योग नवा आहे, म्हणून नव्या उद्योगाला मिळणारी या निधीतील सूट आपल्यालाही हवी, असा दावा केला. १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. मालक बदलला म्हणून कारखाना नवा होत नाही.

ग्रॅच्युइटी म्हणजे भरलेल्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचा पगार. आमच्या विद्यार्थ्याच्या वडिलांचे एकवीस वर्षांचे ३१५ दिवस झाले. सव्वीस दिवसांचा महिना धरला तर वर्षाच्या पगाराहून थोडे अधिकच. पण कंपनीने निधीच उभारला नसेल तर वाद निर्माण होतो, आणि दुर्दैवाने त्यांच्या कारखान्यात तसेच झाले होते.

दावा कसा करावा, हेही सांगितले पाहिजे. अवसायक वर्तमानपत्रात जाहिरात देतो आणि लिक्विडेशन सुरू झाल्यापासून ३० दिवसांत दावे मागवितो. प्रत्येक कामगाराने वेगळा अर्ज करण्याची गरज नाही, सर्वांच्या वतीने एक प्रतिनिधी दावा करू शकतो. कोणी दावा केलाच नाही तर कंपनीच्या हिशेबवहीवरून अवसायक तो मान्य करू शकतो. पण वहीत नाव असेल तर. कंत्राटदाराकडून आलेल्या माणसाचे नाव तेथे बहुधा नसते. पगार थकू लागताच दिवाळखोरीचा अर्ज कामगार संघटना स्वतःही करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली एका ज्यूट गिरणीच्या प्रकरणात मान्य केले आहे.

तो विद्यार्थी दुसऱ्या दिवशी प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद घेऊन आला. नेमणूकपत्र होते, निधीची पावती होती, पगाराच्या चिठ्ठ्या मात्र शेवटच्या अकरा महिन्यांच्या नव्हत्या, कारण कारखान्याने त्या देणेच बंद केले होते. त्या महिन्यांसाठी आम्ही बँकेचे पासबुक जोडले. संघटनेमार्फत दावा सव्विसाव्या दिवशी गेला. पगाराची रक्कम मान्य झाली आहे, ग्रॅच्युइटीची अद्याप वादात आहे.