प्रकाशाची प्रतीक्षा

स्कॉटलंडच्या वायव्येस, अटलांटिक महासागरात, सुमारे २१० किलोमीटर लांबीची बेटांची एक माळ पसरलेली आहे. तिला बाह्य हेब्रिडीज असे म्हणतात. तेथे झाडे थोडी, वस्ती विरळ आणि वारा मात्र अखंड. २०२२ च्या जनगणनेनुसार या साऱ्या बेटांवर मिळून जेमतेम २६,००० माणसे राहतात. अशा या एकाकी भूमीकडे निसर्गदृश्यांचे छायाचित्रकार दूरदूरच्या देशांतून ओढीने येतात.

त्यांपैकी कित्येकजण आपले घर बरोबर घेऊनच येतात. कॅम्पर व्हॅन म्हणजे चाकांवरची एक खोलीच होय. निजण्यास फळी, स्वयंपाकास शेगडी, पाण्यास टाकी. उल्लापूल बंदरात ही गाडी मोठ्या फेरीबोटीच्या पोटात शिरते आणि अडीच-पावणेतीन तासांनी स्टॉर्नोवे गावी बाहेर पडते. या घराचा खरा उपयोग ऐषआरामासाठी नाही, तर थांबण्यासाठी आहे. पाऊस, धुके आणि ऊन या बेटांवर एकाच दिवसात अनेकदा आळीपाळीने येतात. दूरच्या पथिकाश्रमात उतरलेला प्रवासी न्याहारी आटोपून येईपर्यंत हवा तो प्रकाश निघून गेलेला असतो. गाडीत राहणारा मात्र पहाटे दार उघडतो, आभाळ पाहतो आणि वाट पाहत बसतो.

ही वाट कशाची? तिरप्या उन्हाची. माथ्यावरचे ऊन वस्तूच्या सावल्या तिच्या पायाशी गोळा करते. त्यामुळे डोंगर सपाट दिसतात. कलते ऊन प्रत्येक उंचवट्यामागे लांब सावली टाकते आणि भूमीचा आकार उघड करते. ही बेटे इतकी उत्तरेस आहेत की, डिसेंबरात स्टॉर्नोवे येथे भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून आठ-नऊ अंशांहून वर चढत नाही. जूनमध्ये तो रात्री दहानंतर मावळतो. कॅलनिश येथे सुमारे ५,००० वर्षांपूर्वी माणसांनी उभारलेल्या शिळांचे वर्तुळ आहे. त्या शिळांचा दगड सुमारे ३०० कोटी वर्षांचा जुना. मावळतीच्या उन्हात त्याच्यावरील वळ्या झाडाच्या गाभ्यातील रेषांसारख्या उठून दिसतात.

लस्केंटायरच्या किनाऱ्यावर निराळीच अडचण असते. तेथील वाळू शिंपल्यांच्या चुऱ्याची, म्हणून पांढरी शुभ्र. कॅमेऱ्यातील प्रकाशमापकाला हे ठाऊक नसते. सारे जग मध्यम उजळ आहे असे मानून तो प्रकाश कमी करतो आणि शुभ्र वाळू करडी उमटते. जाणता छायाचित्रकार तेथे मुद्दाम अधिक प्रकाश आत घेतो. खारे तुषार भिंगावर बसतात, ते वारंवार पुसावे लागतात. वाऱ्याने तिपाई हलते, म्हणून तिला वजन बांधावे लागते.

हीच वाळू वाऱ्याने आत उडून येते आणि तेथील आंबट मातीला निवळते. तिच्यावर गवत व रानफुले उगवतात. अशा माळाला गेलिक भाषेत ‘मॅखर’ म्हणतात. गुरांना चारा आणि शेताला जमीन यानेच मिळते. परंतु वरचे गवताचे पांघरूण पातळ असते. चाकांनी ते एकदा फाटले की खालची वाळू वारा उडवून नेतो. फुलांचे चित्र मिळावे म्हणून गाडी त्यांच्यावरूनच हाकणाऱ्याला रसिक कसे म्हणावे? तीच गोष्ट एकेरी रस्त्यांची. समोरच्या गाडीला वाट देण्यासाठी ठेवलेल्या रुंद जागी कोणी चित्रासाठी गाडी उभी केली, तर बोट गाठायला निघालेला बेटवासी मागे खोळंबतो.

पॉल स्ट्रँड हा अमेरिकन छायाचित्रकार १९५४ साली साउथ यूइस्ट बेटावर आला, तो तीन महिने राहिला. म्हणूनच त्याच्या चित्रांत खडक व समुद्र यांच्या शेजारी तेथील माणसांचे चेहरेही आहेत.

या माळेच्या पश्चिमेस सुमारे ६५ किलोमीटरवर सेंट किल्डा आहे. तेथे गाडी नेता येत नाही. जगणे अशक्य झाल्यामुळे तेथील उरलेल्या ३६ रहिवाशांनी स्वतः विनंती करून २९ ऑगस्ट १९३० रोजी बेट सोडले. एकोणिसाव्या शतकातील छायाचित्रांत गावच्या एकुलत्या रस्त्यावर पुरुष सभेसाठी जमलेले दिसतात. त्याच रस्त्याच्या आजच्या छायाचित्रांत घरांच्या दगडी भिंती आहेत; बहुतेकींवर छप्पर नाही, आणि आत गवत वाढले आहे.