लाकडी नंदी कोणाच्या अंगणात?

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी विदर्भातील मुले लाकडी नंदी सजवून घरोघर बोजारा मागत हिंडतात. ज्या मुलाचे आईबाप विभक्त झाले आहेत, त्याने आपला नंदी कोणाच्या अंगणात न्यावा? हा प्रश्न आता केवळ मुंबई-पुण्याचा राहिलेला नाही. अरुणावतीच्या काठी वसलेल्या आर्णीसारख्या तालुक्याच्या गावीही तो दबक्या आवाजात विचारला जातो. आणि बहुधा त्याचे उत्तर त्या अजाण पोराकडूनच मागितले जाते, हे आम्हांस अत्यंत क्रूरपणाचे वाटते.

आपल्या समाजाला फारकत नवी नाही. कित्येक जातींत काडीमोड पूर्वापार चालत आली. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने घटस्फोटाची वाट देशभरच्या हिंदूंना मोकळी केली. मुलाचे हित हाच पालकत्वाचा सर्वश्रेष्ठ निकष, असे लगेच १९५६ च्या कायद्याने सांगितले. विधी आयोगाने २०१५ साली आपल्या २५७ व्या अहवालात संयुक्त ताब्याचा पुरस्कार केला. पुढे जानेवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका चिमुरडीच्या प्रकरणात स्पष्ट केले की, ज्याच्याकडे ताबा नाही त्या पालकालाही मुलाशी रोज पाच-दहा मिनिटे बोलता आले पाहिजे, आणि दोघे दूर राहत असतील तर चित्रसंवाद हा त्याचा सर्वांत चांगला मार्ग होय. कायद्याने इतके केले. परंतु वह्यांचे पैसे कोणी द्यायचे आणि तापाचे औषध कोणते, हे न्यायाधीश रोज कसे सांगणार?

समजा, आई आर्णीत आहे आणि बाप पुण्यात. उन्हाच्या तडाख्यामुळे विदर्भातील शाळा पुण्याच्या शाळांहून आठवडाभर तरी उशिरा उघडतात. बापाला ते ठाऊक नसते. आईला वाटते, त्याने विचारायला नको काय? मग फोनवर शब्दाला शब्द लागतो आणि अखेर निरोप मुलाच्या गळ्यात बांधला जातो. “बाबांना सांग, फी थकली आहे.” “आईला म्हणावे, मला वेळ नाही.” दोन शत्रुराष्ट्रांमधला वकील होण्याचे हे काम आठ वर्षांच्या पोराकडे येते. ते बिचारे प्रत्येक निरोप थोडा मऊ करून पोहोचवते, आणि खोटे बोलावयास शिकते.

हे ओझे उतरविण्याचे साधन आज बहुतेकांच्या खिशात फुकट पडलेले आहे. भिंतीवरच्या कालनिर्णयावर आपल्या गृहिणी दुधाचा खाडा मांडीत आल्या. तीच रीत गूगलच्या सामायिक दिनदर्शिकेत चालवावी. शाळेच्या सुट्या, लसीची तारीख, चाचणी परीक्षा, कोणता सण कोणाकडे, हे दोघांनी तेथे लिहावे व दोघांनी वाचावे. खर्चाचा एक सामायिक तक्ता ठेवावा आणि आपला वाटा यूपीआयने पाठवावा. त्याला शुल्क पडत नाही. जन्मदाखला, गुणपत्रिका, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या दोघांनाही उघडता येतील अशा एका संग्रहात असाव्यात. व्हॉट्सॲपवर लिहायचे ते कचेरीच्या पत्रासारखे : ताप किती, औषध कोणते, परीक्षा केव्हा. जुने हिशेब तेथे काढू नयेत. हा मजकूर उद्या न्यायालयात पुरावा म्हणून उभा राहू शकतो, एवढे ध्यानात ठेवले तरी पुष्कळांची लेखणी आपोआप सौम्य होईल!

मोबाइलनेच घरे मोडली, तो काय जोडणार, असे काही वडीलधारे म्हणतील. मोडलेले घर त्याने जोडावे, अशी आमची अपेक्षाच नाही. मुलाची वही दोघांच्या हाती राहावी, इतकेच मागणे आहे. मात्र आई लिहिणार आणि बाप तपासणार, अशी वाटणी झाली तर तीच जुनी मिजास नव्या यंत्रातून पुन्हा बोलू लागेल. तापाची नोंद करणाऱ्याइतकेच औषध आणणाऱ्याचेही काम त्या दिनदर्शिकेत दिसले पाहिजे.

एक अपवाद आम्ही ठळकपणे नोंदवितो. जेथे मारहाण झाली आहे, धमक्या आहेत, तेथे हा उपदेश लागू नाही. मुलाच्या मोबाइलवरून आईचा ठावठिकाणा शोधणारे नवरे आहेत. अशा ठिकाणी सामायिक खाते उघडण्याआधी २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखाली संरक्षण मागावे, आणि मुलाची भेटही न्यायालय ठरवील त्याच रीतीने व्हावी.

इतरांनी पोळ्याची वाट न पाहता आजच बसावे. आजीलाही त्या दिनदर्शिकेत डोकावू द्यावे. नातवाची गाडी केव्हा येणार हे तिला कोणी सांगत नाही. तान्ह्या पोळ्याच्या रकान्यात दोन ओळी पुरेत : नंदी आर्णीत, संध्याकाळी साडेसहाला बाबांचा चित्रसंवाद, दिवाळीचे पहिले चार दिवस पुण्यात, भाऊबीजेला परत. नंदी कोणत्या रंगाचा, ते मात्र पोराला विचारावे.